उलटे आकडे आणि अडून बसलेलं बटण

प्रश्न : नमस्कार सर, काकांच्या कपाटातून कॅननचा ईओएस ५००एन हा रोलचा कॅमेरा निघाला, सोबत ३५-८० मिमीची झूम लेन्स. रोल टाकला तर घर्रऽ करून सगळाच ओढून घेतला आणि आकडा दाखवला ३६, एक फोटो काढला की ३५, असं उलटं कसं काय? दुसरं म्हणजे मागच्या रविवारी बिबी का मकबऱ्याला गेलो तर जवळून भिंतीचा फोटो घेताना लेन्स नुसती पुढं-मागं फिरत राहिली अन् बटण काही चाललं नाही. दुकानात दाखवला तर म्हणे मोटर गेली, टाकून द्या. खरंच गेली का? भावाच्या डिजिटल कॅननची लेन्स लावून बघू का? — एक वाचक, परभणी

उत्तर : टाकून बिकून देऊ नका हो! उलट्या आकड्यांत काहीच बिघाड नाही, हा कॅमेरा आधी अख्खा रोल बाहेर काढून घेतो आणि मग एकेक फोटो झाला की तेवढी फिल्म परत डबीत ओढतो, म्हणजे घरातल्या पोरानं मधेच मागचं झाकण उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुखरूप, कोरी फिल्म मात्र जाते. मला तर ही युक्ती लै आवडते.

आता फोकसचं. हा १९९६ चा ऑटोफोकस, त्याला उजेड-अंधाराची कड लागते, कुठंतरी पांढऱ्याला काळं भिडलेलं दिसलं पाहिजे. तुम्ही त्याच्यापुढं पांढराशुभ्र संगमरवर धरला, तो बिचारा काय पकडणार? डोळा लावतो तिथं आतला हिरवा ठिपका लुकलुकत असेल बघा, म्हणजे सापडत नाहीये, आणि सापडेपर्यंत तो फोटो काढूच देत नाही. आत दिसणारा मधला फोकसचा पॉइंट जाळीच्या कडेवर न्या, नाहीतर तेवढ्याच अंतरावरच्या कोरीव नक्षीवर, बटण अर्धं दाबा, ठिपका स्थिर झाला की तसंच धरून फ्रेम पाहिजे तशी लावा अन् मग पूर्ण दाबा. तरी ऐकत नसेल तर लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे हातानं फोकसवर करा आणि हातानं फिरवा, त्यात कमीपणा नाही. हो, पांढरं जास्त असलं की उजेड मोजणारा मीटर फसतो आणि मकबरा राखाडी येतो, एक स्टॉप जास्त द्या, म्हणजे दुप्पट उजेड, निगेटिव्ह फिल्म तेवढं सहज खपवून घेते.

वेरूळला कैलासच्या आतल्या अंधारात मात्र हा झूम रडवेल, ८० वर तो एफ ५.६ ला असतो, म्हणजे भोक बारीक अन् उजेड कमी. भावाकडं ५० एफ १.८ ची लेन्स असेल तर मागून घ्या, जवळपास दहापट उजेड आत येतो. जोडाच्या जागी लाल ठिपका असलेली ईएफ लेन्स चालते. डिजिटलसोबत येणारी १८-५५ मात्र पांढऱ्या चौकोनाची असते, ती याला बसत नाही, जोर लावू नका. अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आहे आणि डायलच्या हिरव्या चौकोनावर, म्हणजे पूर्ण ऑटोवर, हा अंधारात आपणहून फ्लॅश उघडतो, म्हणून तिथं डायल पी वर ठेवा.

सेल दोन लागतात, सीआर १२३ए, तीन-तीन व्होल्टचे. तसाच दिसणारा चार्जिंगचा सेल मिळतो, तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो, दोन मिळून आठच्या वर, तो घालू नका. आणि मे महिन्यात रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं!