ई जीवनसत्त्वाने सौम्य आम्लारी कसे मोजतात?

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिरिडीन या सौम्य आम्लारीचे (बेसचे) हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करताना अंत्यबिंदू, म्हणजे आम्लारी नेमके संपल्याची खूण, काही केल्या नेमका सापडत नाही. असे सौम्य आम्लारी ई जीवनसत्त्वाच्या विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरणावरून मोजता येतात, असे आमच्या सरांनी सांगितले. ते कसे? त्यासाठी औषधाच्या दुकानातली कॅप्सूल चालेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कॅप्सूलचे आधी सांगतो, कारण तिथेच पुष्कळांची फसगत होते. पाकिटामागचा बारीक मजकूर वाचलात, तर बहुतेक वेळा ‘टोकोफेरिल ॲसिटेट’ असे आढळेल. त्यात रेणूचा हायड्रॉक्सिल गट ॲसिटेटने झाकलेला असतो, आणि आपले सारे काम तर त्याच गटातल्या प्रोटॉनवर चालते. म्हणून मोकळे अल्फा-टोकोफेरॉलच, म्हणजे न झाकलेले ई जीवनसत्त्वच, घ्यावे लागेल.

तुमच्या अडचणीत हाताचा दोष नाही. पिरिडिनियमचा (प्रोटॉन घेतलेल्या पिरिडीनचा) पीकेए, म्हणजे आम्लतेचा निर्देशांक, पाण्यात सुमारे 5.2 असल्याने अंत्यबिंदूपाशी पीएचमध्ये ठळक उडी दिसतच नाही. यावर ग्लेशिअल ॲसेटिक आम्लात परक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करणे हा जुना आणि आजही उत्तम उपाय आहे; मात्र नमुना अगदी थोडा असेल, तर व्होल्टामेट्रीचा, म्हणजे इलेक्ट्रोडचे विभव (व्होल्टेज) बदलत नेऊन विद्युतप्रवाहाचा आलेख काढण्याच्या पद्धतीचा, विचार करावा.

कोरड्या ॲसिटोनायट्राइल या द्रावकात ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर अल्फा-टोकोफेरॉल आधी एक इलेक्ट्रॉन गमावते. त्यातून होणारा मूलक-धनायन (एक सुटा इलेक्ट्रॉन असलेला धनभारित रेणू) तीव्र आम्लधर्मी असल्याने लगेच प्रोटॉन सोडतो, आणि उरलेला मूलक मूळ रेणूपेक्षाही सहज ऑक्सिडीकृत होत असल्यामुळे दुसरा इलेक्ट्रॉनही त्याच विभवाला निघून जातो. शेवटी फिनॉक्झोनियम धनायन उरतो. इतर बहुतेक फिनॉलांच्या (वलयावर हायड्रॉक्सिल गट असलेल्या अशाच संयुगांच्या) बाबतीत हा क्षणभरही टिकत नाही, इथे मात्र तो चांगला तग धरतो. याचे श्रेय बऱ्याच अंशी वलयावर दाटीने बसलेल्या मिथिल गटांना द्यावे लागते.

आता द्रावणात थोडे पिरिडीन घाला. सुटणारा प्रोटॉन घ्यायला कोणी हजर असले, की ऑक्सिडीकरण सोपे होते आणि आलेखातल्या मुख्य शिखराच्या अलीकडे, म्हणजे कमी धन विभवाला, एक छोटे पूर्वशिखर उमटते. टोकोफेरॉल आम्लारीच्या मानाने भरपूर असेल, तर या पूर्वशिखराची उंची आम्लारीच्या संहतीच्या प्रमाणात वाढते, आणि ते किती अलीकडे सरकते यावरून आम्लारीची तीव्रता कळते. उंची आणि जागा या दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नये. आम्लारी फार तीव्र असेल, तर ते इलेक्ट्रोडपाशी जाण्याआधीच प्रोटॉन काढून घेते. मग फिनॉलेटचे (प्रोटॉन गमावलेल्या टोकोफेरॉलचे), आणखी बऱ्याच कमी विभवाला होणारे, निराळेच ऑक्सिडीकरण पुढ्यात येते. म्हणून ही युक्ती सौम्य आम्लारींसाठीच राखून ठेवावी.

खरा शत्रू पाणी. ते स्वतः प्रोटॉन पकडते, शिवाय फिनॉक्झोनियम धनायनाशी अभिक्रिया करून त्याला क्विनोनच्या वाटेला लावते. पुण्यातल्या जुलैच्या हवेत उघडी ठेवलेली ॲसिटोनायट्राइलची बाटली ओलावा ओढल्याशिवाय राहत नाही, तेव्हा ती 3 अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर ठेवा, इलेक्ट्रोड ॲल्युमिनाने घासून घ्या, विभवाच्या संदर्भासाठी फेरोसीन वापरा, आणि पिरिडीन घालण्यापूर्वी नुसत्या टोकोफेरॉलचा आलेख रोज नव्याने काढा. त्यातच पूर्वशिखर दिसले, तर त्या दिवशी आधी द्रावक बदला.