मॉरिशसला जातोय, कुठल्या बागा बघू?

प्रश्न: आमची गुहागरला नारळ-पोफळीची वाडी आहे, मध्ये जायफळाची झाडं. दिवाळीनंतर सासऱ्यांना घेऊन मॉरिशसला चाललोय. त्यांना बीचमध्ये इंटरेस्ट नाही, समुद्र रोजचाच आहे, त्यांना झाडं बघायचीयेत. गुडघे दुखतात म्हणून जास्त चालणं नको. दोन दिवस आहेत. आणि येताना एखादं रोप आणता येईल का?

उत्तर: ताई, एक अख्खा दिवस पाम्प्लमूसच्या बॉटनिकल गार्डनला द्या, टूरवाले तासाभरात फिरवून बाहेर काढतात, तसं अजिबात करू नका. राजधानी पोर्ट लुईपासून साधारण ११ किलोमीटर, जमीन सपाट, त्यामुळे सासऱ्यांना बसत-उठत फिरता येईल. सगळे जण तिथं परातीएवढ्या, खरं तर त्याहून मोठ्या पानांच्या व्हिक्टोरिया कमळांचे फोटो काढतात, तुम्हीपण काढा, पण सासऱ्यांना आधी मसाल्याच्या झाडांकडे न्या. जायफळ आणि लवंग तेव्हा डचांच्या ताब्यातल्या मोलुक्का बेटांवरून (आताच्या इंडोनेशियातली) बाहेर जाऊ देत नव्हते, पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७७० च्या सुमारास ती रोपं चोरून आणवली आणि इथं लावली. ज्यांनी स्वतः जायफळ लावून, फूल येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबून, मग झाड नर निघालं म्हणून हळहळ केलीये त्यांना त्या रोपांची किंमत काय होती हे सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी क्युरपीप. तिथली बाग छोटी आहे, पण हायोफॉर्बे अमारिकॉलिस या पामचं जगातलं एकुलतं एक माहीत असलेलं झाड तिथं आहे, भोवती कुंपण घातलंय. त्याची नर फुलं आधी उमलून गळतात, मादी फुलं नंतर येतात. आपल्या पोफळीचंही तसंच असतं ना, पण शेजारी दुसरी झाडं असतात म्हणून सुपारी धरते, याला शेजारीच नाही! त्याची रोपं करायचे प्रयत्न बरेच झालेत. मला विचाराल तर एवढ्या एका झाडासाठी क्युरपीपला जावं. गाव उंचावर आहे, पाऊस कधीही येतो, छत्री ठेवा.

वेळ उरला तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्कच्या व्ह्यूपॉइंटला गाडीने जा, आतल्या पायवाटा सासऱ्यांना नकोत. मॉरिशस केस्ट्रल हा छोटा ससाणा याच जंगलातला, १९७४ मध्ये रानात फक्त ४ उरले होते, माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून वाचवला.

रोपाचं म्हणाल तर आणू नका, बीसुद्धा नको. इम्पोर्ट परमिट आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट नसेल तर एअरपोर्टवर काढून घेतात, आणि ते बरोबरच आहे, बाहेरचा एखादा रोग वाडीत शिरला तर तुमच्या एकट्याच्या वाडीवर थांबणार नाही. जायफळाची चांगली कलमं हवी असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, त्यांची कोकण सुगंधा ही जात आपल्याकडे चालते.