डॉक्युमेंट रूट होममध्ये हलवला, ७७७ दिलं, तरी ४०३ का येतंय?

तुम्ही लिहिलंय की उबुंटू २२.०४ वर अपाची या वेब सर्व्हरचा डॉक्युमेंट रूट (साइटच्या फाइली जिथून वाढल्या जातात तो फोल्डर) /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल वरून होममधल्या 'साइट' फोल्डरवर नेला, तेव्हापासून 'फॉरबिडन' (४०३) येतंय आणि 'साइट'ला ७७७ (सगळ्यांना सगळं करायची परवानगी) देऊनही फरक नाही. आधी ते ७७७ काढा, कारण पुढे सांगतो. (फोनवरून लिहितोय, कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा, म्हणून कमांडसुद्धा देवनागरीत. मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाका.)

४०३ च्या मागे दोन वेगवेगळी कुलुपं असू शकतात आणि ब्राउझर दोन्हींवर एकच पाटी लावतो. कुठलं कुलूप आहे ते लॉग सांगतो. एका टर्मिनलमध्ये 'सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/अपाची२/एरर.लॉग' लावून ठेवा आणि पान रिफ्रेश करा.

एएच०१६३०, 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' असं आलं तर अडवणारा खुद्द अपाची आहे. अपाची२.कॉन्फ उघडून बघा: मुळातल्या '/' ला 'रिक्वायर ऑल डिनाइड' आहे आणि फक्त /यूएसआर/शेअर आणि /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एवढ्यांनाच मोकळीक. डॉक्युमेंट रूट बदलून तुम्ही त्याला कुठून वाढायचं ते सांगितलंत, वाढायची मुभा दिलीच नाहीत. नव्या पाथसाठी वेगळा 'डिरेक्टरी' ब्लॉक घालून त्यात 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहा. जुन्या ट्युटोरियलमधलं 'ऑर्डर अलाऊ, डिनाय' उचलू नका, ते अपाची २.२ च्या काळातलं, २.४ आलं २०१२ मध्ये. एचटीअ‍ॅक्सेस (फोल्डरपुरत्या सेटिंगची फाइल) वापरत असाल तर त्याच ब्लॉकमध्ये 'अलाऊओव्हरराइड ऑल' पण लागेल. मग 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट', नंतर रीलोड.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र दुसरंच दिसतंय, किंवा दोन्ही. एएच०००३५, 'सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ'. यातला शब्द धरायचा तो 'कंपोनंट'. अपाची 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावाने चालतो, आणि फाइलपर्यंत पोचायला त्याला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्झिक्युटची, म्हणजे आत शिरायची, परवानगी लागते. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० ने (इतरांना बंद) तयार होतं, आधी ७५५ (इतरांना आत येऊन वाचायला मोकळं) असायचं. म्हणून त्याआधीच्या लेखांतली कृती तुमच्याकडे चालत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, आणि तुम्ही माजघर सताड उघडं टाकून पाहुण्यांची वाट बघताय.

'नेमआय -एल' च्या पुढे पूर्ण पाथ द्या. '/', 'होम', तुमचं नाव, 'साइट', एकेका ओळीत एकेक पायरी आणि शेजारी तिची परवानगी. तुमच्या नावाच्या ओळीत परवानगीच्या शेवटी तीन आडव्या रेघा दिसतील. हेच ते दार.

ते किलकिलं करायला: 'सुडो सेटएफएसीएल -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स /होम/तुमचं-नाव'. कमांड सापडली नाही तर 'एसीएल' पॅकेज टाका. याने अपाचीला होममधून पलीकडे जाता येतं, पण तिथली यादी वाचता येत नाही. 'साइट' आणि आतले फोल्डर ७५५, फाइली ६४४ करा. सिमलिंकचा (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचा) विचार डोक्यात आला असेल तर सोडा. लिंक कुठेही ठेवली तरी वाट होममधूनच जाते.

आता ७७७ बद्दल. मीही एका रात्री वैतागून अख्ख्या होमला 'सीएचमॉड -आर ७७७' मारलं होतं. साइट दिसली, खूश होऊन झोपलो. सकाळी गिट पुश होईना. एसएसएच (गिट ज्यातून सर्व्हरशी जोडतं ते) म्हणे तुझी प्रायव्हेट की सगळ्यांना वाचता येतेय, मी वापरणार नाही. बरोबरच होतं त्याचं. मग अर्धा रविवार परवानग्या निस्तरण्यात गेला.

तेव्हापासून मी साइट होममध्ये ठेवतच नाही. /एसआरव्ही खाली फोल्डर करतो, 'सीएचओन' ने मालकी स्वतःकडे घेतो, म्हणजे एडिटरला सुडो लागत नाही. अपाची२.कॉन्फमध्ये /एसआरव्ही चा ब्लॉक आयता लिहिलेला असतो, फक्त कॉमेंट केलेला. ओळींपुढचे हॅश (#) खोडले की झालं.