अर्धाच गुडघा बदलायचा, पण कोणता?

प्रश्न : वय ६२. उजव्या गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली आहे. एक डॉक्टर ‘मोबाइल बेअरिंग’ बसवू म्हणतात, दुसरे ‘फिक्स्ड’. कुणाचं ऐकू? (सांगली)

उत्तर : दोघांचंही बरोबर असू शकतं. दोन्हींत मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये पॉलिथिलीनची गादी असते. भांडण आहे ते या गादीवरून. फिक्स्डमध्ये ती बैठकीला पक्की जोडलेली आणि वरून जवळजवळ सपाट असते. त्यामुळे गोल टोपी तिच्यावर अगदी थोड्या जागेत टेकते, पाटावर गोटी ठेवावी तशी. सगळा भार तेवढ्याच जागी येतो, म्हणून गादी जाड लागते.

ऑक्सफर्डचे सर्जन जॉन गुडफेलो आणि इंजिनिअर जॉन ओ’कॉनर यांनी १९७० च्या दशकात यावर तोड काढली. त्यांनी गादी सुटीच ठेवली. हेच ‘मोबाइल बेअरिंग’, ऑक्सफर्ड गुडघा म्हणून ओळखलं जाणारं. वरून द्रोणासारखी खोलगट, खालून सपाट. टोपी द्रोणात नीट बसते आणि गुडघा वाकला की गादी बैठकीवर मागे सरकते. झीज इतकी कमी, वर्षाला साधारण ०.०२ मिमी, की ३ मिमीची गादीही चालते.

पण सुटी वस्तू निसटू शकते. ऑपरेशनच्या टेबलावर ३ ते ९ मिमीपर्यंतच्या गाद्या एकेक मिलिमीटरच्या फरकाने मांडलेल्या असतात. गुडघा सरळ असताना आणि वाकवल्यावर मधली फट सारखी भरली, तरच योग्य गादी बोटाने दाबली की टक्कन बसते. फट सैल राहिली तर ती पुढे कधीतरी बाहेर येते आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. फिक्स्डमध्ये ही भीती नाही, तिथे बऱ्याच वर्षांनी झीज डोकं वर काढते. दुखणं थांबणं, चालणं-फिरणं यांत तुलनेच्या अभ्यासांत दोन्ही जवळपास सारखेच ठरले आहेत.

म्हणून मॉडेल विचारण्याआधी डॉक्टरांना हे विचारा : ‘तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनांत अर्धे गुडघे किती असतात?’ ब्रिटनच्या नोंदींत जे सर्जन हे क्वचित करतात त्यांच्याकडे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते. निदान पाचांतला एक अर्धा गुडघा असला तर निकाल बराच सुधारतो. ज्यांचा हात ज्या डिझाइनवर बसला आहे, त्यांच्याकडून तेच घ्या. मात्र ऑक्सफर्ड बसवायचा तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन्ही हाडांना बांधून ठेवणारी स्नायुबंधाची दोरी, शाबूत हवी. तिच्याशिवाय सुटी गादी म्हणजे ब्रेक नसलेली सायकल.

प्रश्न : मी देवळात कीर्तनाला बसते. मांडी घालता येईल का? कोणतं डिझाइन त्यासाठी बरं? (वाई)

उत्तर : अर्ध्या गुडघ्यात स्नायुबंध आणि गुडघ्याचे न झिजलेले भाग तुमचेच राहतात, म्हणून पूर्ण बदललेल्या गुडघ्यापेक्षा वाकणं सहसा बरं असतं. पुष्कळांना मांडी घालता येते. पण आजीबाई, ऑपरेशनआधी गुडघा जेवढा वाकत होता त्यावर बरंच अवलंबून. उकिडवं बसायची सवय असेल तर सुटी गादी निवडताना ती डॉक्टरांना आधी सांगा, कारण खूप वाकलेल्या गुडघ्यात गादीवरचा ताण वाढतो. घरात कमोड बसवलेला बरा.

प्रश्न : माझी झीज बाहेरच्या बाजूची आहे. तेच सुट्या गादीचं इम्प्लांट चालेल ना? (नाशिक)

उत्तर : नाही. बाहेरच्या बाजूचे स्नायुबंध वाकताना सैल पडतात, त्यामुळे तिथे सुटी गादी जास्त निसटते. सुरुवातीच्या ऑक्सफर्ड मालिकांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. नंतर घुमटाकार बैठक आणून ते कमी केलं, तरी या बाजूला मी स्वतः फिक्स्डच पसंत करतो.

प्रश्न : रोबोटने केलं तर जास्त टिकेल? (ठाणे)

उत्तर : हाडाचा काप ठरवल्याप्रमाणे पडतो, हे खरं. टिकण्याबद्दल मात्र फिक्स्डच्या चांगल्या डिझाइनांच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी आहेत, रोबोटच्या तेवढ्या जुन्या नाहीत. हात न बसलेल्या सर्जनला रोबोट तो हात देत नाही.

प्रश्न : ‘सोनेरी गुडघा’ घ्या, तीस वर्षं काळजी नको, असं सांगतात. किती खरं? (पुणे)

उत्तर : सोनेरी रंग सोन्याचा नसतो. टायटॅनियम नायोबियम नायट्राइडचा तो मुलामा. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोममधल्या निकेलसारख्या धातूंची ॲलर्जी असेल तर त्याचा विचार करतात. तीस वर्षांची हमी कुणालाच देता येणार नाही, अर्ध्या गुडघ्याबाबत तर नाहीच. खोट्या दागिन्यांनी मानेला खाज सुटते का? नसेल सुटत, तर ते पैसे फिजिओथेरपीला ठेवा.