आरमध्ये ‘सहमत-असहमत’ उत्तरांचे आकडे केल्यावर सरासरी उलटी का येते?

तुम्ही लिहिलंय की सर्वेक्षणातल्या पाच पर्यायांचा (पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत) आरमध्ये (आकडेवारीसाठी वापरतात त्या संगणकभाषेत) फॅक्टर, म्हणजे ठरावीक पर्यायांचा रकाना केला, त्यावर अ‍ॅज डॉट न्यूमेरिक (आकड्यांत बदलणारं फंक्शन) चालवलं, आणि आता ज्या गावात ‘पूर्ण सहमत’ जास्त आहेत त्याची सरासरी नुसत्या ‘सहमत’वाल्या गावापेक्षा कमी येतेय. तुमची सरासरी काढण्याची पद्धत बरोबर आहे. घोळ त्याआधीच, आकडे वाटताना झालाय.

फॅक्टर करताना क्रम सांगितला नाही, तर आर पर्याय अक्षरक्रमाने लावतो आणि १ पासून आकडे देत जातो. तुमचे पर्याय तसे लावून बघा: असहमत १, तटस्थ २, पूर्ण असहमत ३, पूर्ण सहमत ४, सहमत ५. ठाम विरोध करणारा माणूस तटस्थाच्या वर जाऊन बसला! आणि याबद्दल आर साधी सूचनाही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही.

म्हणून क्रम तुम्ही स्वतः लिहायचा. फॅक्टर फंक्शनमध्ये लेव्हल्स (पर्यायांची क्रमवार यादी) म्हणून पाचही पर्याय ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत ओळीने द्या, मग अ‍ॅज डॉट न्यूमेरिक लावा. मूळ रकाना मात्र पुसू नका. आकड्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि टेबल फंक्शनने दोन्ही एकमेकांसमोर मांडा. प्रत्येक पर्यायासमोर एकच आकडा भरलेला दिसला पाहिजे. मी हे दर वेळी करतो, दोनच पर्याय असले तरी.

त्या तक्त्यात एनए, म्हणजे रिकाम्या नोंदी किती आल्या तेही बघा (यूजएनए हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर त्या दिसतच नाहीत). लेव्हल्समध्ये लिहिलेल्या शब्दाशी तंतोतंत न जुळणारं प्रत्येक उत्तर गुपचूप एनए होतं. ‘सहमत’च्या पुढे एक मोकळी जागा राहिली तरी. माझ्या एका कामात कागदी अर्ज दोघांनी टंकले होते. एकाने ‘माहीत नाही’ लिहिलं, दुसऱ्याने ‘माहित नाही’, आणि मधूनच ‘माहिती नाही’ही होतं. ‘पूर्ण’ आणि ‘पुर्ण’ची तीच गत. त्यामुळे आधी युनिक चालवून रकान्यात नक्की कोणते शब्द आहेत ते वाचा, ट्रिमडब्ल्यूएसने कडेच्या मोकळ्या जागा काढा, वेगवेगळी लेखनं एक करा, मगच आकड्यांकडे वळा.

‘माहीत नाही’ला ३ देऊ नका, अशी कळकळीची विनंती. तटस्थ माणसाने विचार करून मत दिलेलं असतं, याने दिलेलंच नसतं. ९९ देऊन ठेवलं तरी चालेल, पण सरासरीआधी त्याचं एनए करा.

रकान्यात ५, १०, २० असे आकडेच असतील आणि त्यांचा फॅक्टर झाला असेल, तर अ‍ॅज डॉट न्यूमेरिक त्यांचे १, २, ३ असे अनुक्रमांक परत देतं. तिथे आधी अ‍ॅज डॉट कॅरॅक्टर (मजकुरात बदलणारं फंक्शन) लावा. २०२० साली आलेल्या आरच्या ४.०.० आवृत्तीपासून रीड डॉट सीएसव्ही (फाइल वाचणारं फंक्शन) मजकुराचा आपोआप फॅक्टर करत नाही, पण जुन्या प्रोग्रॅमवर काम करत असाल तर हे हमखास भेटेल. पायथन भाषेतल्या पांडाज या माहिती हाताळण्याच्या साधनात वर्गांचे आकडे ० पासून सुरू होतात आणि रिकाम्या उत्तराला -१ मिळतो. तो -१ तसाच सरासरीत गेला तर ती खाली ओढली जाते.

तुमच्या यादीत ‘जिल्हा’ही आहे. त्याचे आकडे करा, पण ते फक्त ओळखीपुरते. २०११च्या जनगणनेत नंदुरबारचा क्रमांक ४९७ आणि पुण्याचा ५२१ आहे, म्हणून पुणे नंदुरबारपेक्षा २४ने मोठं होत नाही. एलएममध्ये (आरच्या रिग्रेशनच्या फंक्शनमध्ये) जिल्हा फॅक्टर म्हणूनच द्या. एक जिल्हा आधार धरून बाकीच्यांसाठी ०-१चे रकाने आर स्वतः तयार करतो.