आईचं बालपण हालात गेलं असेल तर त्याचा परिणाम बाळाच्या तब्येतीवर होतो का?

होतो. हे उत्तर मला अकरा वर्षांपूर्वी माझ्या नणंदेला द्यायचं होतं, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की आई-बाप ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्यानंतरच परतायचे. पाचव्या वर्षापासून मी आजीजवळ, कडेवर धाकटा भाऊ. पुढे दोन हंगाम मलाही उसाच्या फडावर नेलं. दिवसा शिळी भाकरी, रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत, बापाची दारू आणि आईला मार. माझी उंची चार फूट आठ इंचांवर थांबली.

लेक झाली ती एक किलो नऊशेची. नणंद दवाखान्यातच म्हणाली, "नऊ महिने तोंड शिवलं होतं का?" सासूबाईंनी रोज दूध, मेथी, अंडं समोर बसून खाऊ घातलं होतं. पण लहानपणी खुंटलेलं आईचं शरीर नऊ महिन्यांत भरून निघत नाही. बुटक्या, खुरटलेल्या आईची बाळं लहान होतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. लेक रडली की माझे हातपाय गार पडायचे, मी भिंतीकडे बघत बसायची. "हिला मायेचा पाझरच नाही," नणंद म्हणायची. अहो, ज्या घरात रडण्या-ओरडण्यापाठोपाठ मार यायचा, तिथं वाढलेलं अंग रडणं ऐकून आधी घाबरतं. मग बाळालाही दूध, झोप, जवळ घेणं, सगळं कमीच मिळतं. एका नर्सताईंनी लेकीला माझ्या उघड्या छातीवर ठेवून साडीने बांधलं, कांगारू केअर म्हणतात ते. दिवसदिवस तशीच ठेवली. तिचं वजन वाढलं आणि माझी धडधडही थांबली.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. माझ्या चुलत बहिणीची दोन्ही बाळं तीन किलोंची झाली. गरोदरपणातलं खाणंही महत्त्वाचं आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून सहा खेड्यांत अभ्यास केला, त्यात पालेभाज्या, दूध, फळं खाणाऱ्या बायांची बाळं जास्त भरलेली निघाली.

तेव्हा तुमच्या घरात बाळंतीण असेल तर तिला खाऊ घाला, रात्रीचं रडणं नवऱ्याने सांभाळावं, आणि बाळाच्या वजनाचा जाब तिला विचारू नका. ज्या बीजातून माझी लेक झाली ते मी आईच्या पोटात असतानाच तयार झालं होतं. तेव्हा माझी आई डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहत होती. नणंदबाई, विचारायचंच असेल तर तिला ऊसतोडीला नेणाऱ्या त्या मुकादमाला विचारा.