ईके-२, हान्सेआटिक क्रॉस, हिंडेनबर्ग क्रॉस: पट्टी उसवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन जर्मन पदके एकत्र शिवलेली जुनी पट्टी घेतली आहे. धातू काळवंडलाय, फितीवर तांबूस डाग आहेत. टाके उसवून, पदके पॉलिशने लख्ख करून रत्नागिरीच्या घरात वेगवेगळ्या फ्रेममध्ये लावावीत का? आणि पट्टी अस्सल आहे का?

उसवू नका, आणि पॉलिशची बाटलीही बंदच राहू द्या. ही तीनही पदके बाजारात सुटी मिळतात. १९१४चे ईके-२, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, पहिल्या महायुद्धात सुमारे ५० लाख लोकांना दिले गेले. मात्र ही तीन पदके, याच क्रमाने, कुण्या शिंप्याने एका माणसासाठी शिवली होती. तो धागा कापलात की हाती तीन सुटी पदके उरतात. पुन्हा कितीही नीट शिवलीत तरी जाणकाराला नवा टाका कळतो.

आता पट्टी वाचू. डावीकडचा क्रॉस ईके-२. पुढे मुकुट, मधे डब्ल्यू, खाली १९१४. मागे मुकुट, एफडब्ल्यू, ओकची पाने आणि १८१३, कारण प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा (एफडब्ल्यू) याने हे पदक १८१३ साली सुरू केले. मागचे १८१३ पाहून पुष्कळ जण ते नेपोलियनच्या काळातले समजतात, साल नेहमी पुढच्या बाजूचे धरायचे. मधला लाल मिन्याचा हान्सेआटिक क्रॉस. तो तीन शहरांचा असे: मधोमध किल्ला असेल तर हॅम्बुर्ग, किल्ली असेल तर ब्रेमेन, दोन डोक्यांचा गरुड असेल तर ल्युबेक. तुमच्यावर किल्ला आहे, म्हणजे हॅम्बुर्ग. तिसरा तलवारींचा हिंडेनबर्ग क्रॉस, पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांसाठी. तो जुलै १९३४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे पट्टी त्याआधी शिवलेली असूच शकत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या फितीत गल्लत होते. दोन्ही काळ्या, दोन्हींत कडेला पांढरे पट्टे, पण हिंडेनबर्गच्या फितीत मधोमध लाल पट्टा असतो.

अस्सलपणासाठी दहापट भिंग, छोटे लोहचुंबक आणि नोटा तपासायची यूव्ही बॅटरी पुरे. ईके-२ तीन तुकड्यांचे असते: मधे काळा केलेला लोखंडी गाभा, भोवती ठोकून बनवलेल्या चौकटीचे दोन अर्धे भाग, कडेला डाक दिलेले. भिंगातून कडेवर दोन अर्ध्यांचा सांधा शोधा आणि गाभा चौकटीला मिळतो तिथे केसाएवढी फट दिसते का पाहा. एकसंध ओतलेल्या नकलेत ही फट नसते, चौकटीच्या आतली बारीक नक्षी साबणासारखी गुळगुळीत असते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. गाभ्याला चुंबक चिकटावे. हिंडेनबर्ग क्रॉसही बहुतेक लोखंडीच असतो. तो इतका स्वस्त आहे की त्याची नक्कल क्वचितच कोणी करतो.

सगळ्यात बोलकी असते ती झीज. पट्टीवर पदके एकमेकांवर किंचित चढलेली असतात. वर्षानुवर्षे एकत्र राहिली असतील तर वरच्या पदकाची मागची बाजू आणि खालच्याची पुढची बाजू एकाच जागी घासलेली दिसते. फितीची घडी किंचित उचला (ओढू नका), आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद हवा. दोन्ही खुणा नसतील तर पट्टी अलीकडे जुळवलेली असण्याची शक्यता मोठी. यूव्हीखाली धागा निळसर पांढरा पेटला तर तो बहुधा युद्धोत्तर, कारण कृत्रिम धागे आणि उजळ करणारी रसायने तेव्हा सर्रास आली. पण पट्टी कधी डिटर्जंटने धुतली असेल तरी ती चमकते, म्हणून एवढ्यावरून नकली ठरवू नका. झीज, धागा आणि मागचे कापड तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघा.

पॉलिश नको, याचे कारण साधे. हिंडेनबर्गवरचा कांस्यरंगी थर पातळ असतो, दोनदा घासला की खालचे लोखंड उघडे पडते आणि पावसाळ्यात गंजते. ईकेच्या गाभ्याला स्पिरिट लावलेत तर काळा लेप उतरू शकतो. फितीत शिरलेली पॉलिशची पांढरी भुकटी निघत नाही. मऊ केसांचा कोरडा ब्रश, धातूवरून बाहेरच्या दिशेने, बस. हात लावताना नायट्रिलचे हातमोजे घाला, घामातले मीठ लोखंडाला नडते. फितीवरचे तांबूस डाग गंजाचे आहेत, ते धुऊ नका. डाग वाढू नये म्हणून पदक आणि फितीच्या मधे पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची पट्टी सरकवा. पीव्हीसी चालणार नाही, त्यातून आम्ल सुटते. मिन्यावर तडे असतील तर काहीच करू नका.

फ्रेम एकच, तिघांना मिळून. काच आणि पदकात मोकळी जागा राहील इतकी खोल, निदान २५ मिमी. मागे आम्लमुक्त पुठ्ठा, त्यावर १० मिमी पॉलिथिन फोम, त्यावर मांजरपाट. कापड आधी गरम पाण्यात दोन-तीनदा, साबणाशिवाय धुऊन खळ काढा. मखमल आणि लोकरी फेल्ट टाळा: लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. एमडीएफ आणि प्लायमधून आम्ल वाफ सुटते, त्यापेक्षा ॲल्युमिनियमची चौकट घ्या. पट्टी टाचणीने फितीत टोचू नका. मागची मूळ पिन बंद करून तिच्याखालून सुती फीत ओवा आणि ती फोमच्या मागे बांधा. फ्रेम किंचित मागे कललेली असली तर जड पदकांचा ताण फितीवर कमी येतो.

रत्नागिरीची खरी अडचण म्हणजे दमट हवा. लोखंडाला आर्द्रता ४० टक्क्यांखाली आवडते, रेशीम-सुताला ५०च्या आसपास. ४५ हा मधला आकडा धरा. आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) आणि रंग बदलणारे नारिंगी सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास सुकवून पुन्हा घाला. ज्या भिंतीवर बाहेरून पावसाचा मारा होतो तिथे फ्रेम टांगू नका. खिडकीसमोरही नको: फितीवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर प्रकाश नको, थेट ऊन तर अजिबात नको. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, त्यांची वाफ फोमवर आणि धातूवर बसते.

विक्रेत्याला एकदा कागद विचारा. हिंडेनबर्ग क्रॉससोबत नाव, हुद्दा आणि तारीख लिहिलेले प्रमाणपत्र मिळे. प्रशियाच्या लष्कराचे बहुतेक दप्तर एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमला जळाले, त्यामुळे तिथल्या साध्या शिपायाचा माग काढायला असा एक कागदच कधी कधी उरतो. नाव मिळाले तर जर्मन मृत-जखमींच्या याद्या ऑनलाइन शोधता येतात. बव्हेरियाचे दप्तर मात्र म्युनिकला टिकले आहे.

या तिन्हींवर नाझी चिन्ह नाही. पुढे १९३९चे ईके घेतलेत तर जर्मनीत त्याचे सार्वजनिक प्रदर्शन इतिहास, शिक्षण, कला अशा कारणांपुरतेच कायद्याने चालते. स्वस्तिकाऐवजी ओकची पाने असलेली १९५७ची आवृत्तीही मिळते, ती युद्धकाळातली म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. घरी लावतानाही खाली नाव, साल आणि राजवट लिहा.

फ्रेम बंद करण्याआधी पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. मागचे कापड, पिन आणि शिंप्याचे लेबल असेल तर ते जवळून घ्या. एकदा बंद केलीत की त्या बाजूसाठी पुन्हा उघडावी लागू नये.